ठोसा मारताना सगळा जोर खांद्यातच अडकतोय, पायातून कसा आणायचा?

तालमीतला_गडी
नमस्कार मंडळी, कोल्हापूरचाच आहे, वय 29, दहावीपासून तालमीत जातोय. कुस्ती काय फार मोठी नाही केली, जत्रेतल्या चार-दोन झाल्या असतील, पण जोर, बैठका, सपाट्या रोजच्या. आता आठ महिने झाले एका सरांकडे शिंगयी शिकतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही चिनी युद्धकला आहे, ताई ची आणि बाग्वाच्या पंगतीतली, जिला ते लोक आतली कला म्हणतात. त्यातल्या पाच मुठींपैकी बंग म्हणजे सरळ ठोसा, तोच सध्या चालू आहे.

अडचण अशी आहे की मी पोत्यावर ठोसा मारला की पोतं लांब जातं, झोका घेऊन परत येतं, बघणाऱ्याला वाटतं काय ताकद आहे. पण आमच्यात एक जण आहे, असेल 55-56 किलोचा, हडकुळा, तो त्याच पोत्यावर मारतो तेव्हा पोतं जाग्यावरच मधून वाकतं, साखळी खडखडते, आणि आवाज असा येतो की ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा. मी 82 किलो. सर मला रोज एकच सांगतात, ताकद काढून टाक, ताकद लावू नको. आता ताकद काढली तर मारायचं कशानं? हळू मारला तर नुसता थापटल्यासारखा बसतो, जोरात मारला तर ढकलल्यासारखा बसतो आणि वर उजवा खांदा रात्री ठणकतो. तो हडकुळा मारतो तसल्या माऱ्याला फा-जिन म्हणतात एवढं कळलंय, युट्यूबवर बघितलं तर कुणी ऊर्जेच्या गोष्टी सांगतंय, कुणी अंगाला हिसके देतंय. जे स्वतः करतात त्यांनी जरा नीट सांगा की, अंगात नक्की होतं काय, आणि मी करू काय.

अर्धपाऊल
भावा तुझा प्रश्न वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली, शिंगयीलाच आहे मी पण, बारावं वर्ष चालू आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी शब्दांचा घोळ काढू. चिनीत ताकदीला दोन शब्द आहेत, ली आणि जिन. ली म्हणजे आपण म्हणतो ती अंगातली रग, एकेका स्नायूची ताकद, ती तुझ्याकडे भरपूर आहे. जिन म्हणजे तीच ताकद वळण लावून, सगळं अंग एका धाग्यात ओवून बाहेर काढलेली. फा म्हणजे सोडणं. म्हणजे फा-जिन हे काही वेगळं गुप्त तेल नाही, अंगभर जुळवलेली ताकद एका क्षणात सोडणं एवढाच अर्थ. ताई चीत जुनं वचन आहे त्याचा मतलब असा की मूळ पावलात, सुटते पायातून, ताबा कंबरेचा, आणि दिसते बोटांत. तुझं दिसायचं आणि सुटायचं दोन्ही खांद्यातच होतंय, म्हणून तोच ठणकतोय.

ढकलणं आणि मारणं यातला फरक तुला पोत्यानंच दाखवलाय. पोतं लांब गेलं म्हणजे तू त्याच्याबरोबर बराच वेळ लागून राहिलास. जाग्यावर वाकलं म्हणजे मूठ आली, लागली आणि काम संपलं. पोत्याच्या झोक्यावर खूश होऊ नकोस, साखळी कशी हलते ते बघ.

आता एक परीक्षा करून बघ, आजच कर. भिंतीपुढे बंगच्या शेवटच्या स्थितीत उभा राहा, डावा पाय पुढे, उजवी मूठ उभी धरून भिंतीला टेकव, कोपर खाली, पूर्ण ताठ नाही. मग हळूहळू मागच्या पायानं जमीन रेट, हातानं नाही. कुठंतरी काहीतरी निसटेल. कुणाची मागची टाच उचलते, कुणाचा गुडघा आत पडतो, कुणाच्या पाठीला बाक येतो, आणि तालमीतल्या माणसाचा बहुतेक वेळा खांदा कानाकडे चढतो. जिथं निसटतंय तिथं तुझा ठोसा गळतोय. फुटक्या पाइपसारखं आहे हे, मोटर कितीही मोठी बसव, पाणी मधेच गळणार. दिवसातून पाच मिनिटं नुसतं एवढं कर, आणि खांदा खाली सोडून टाचेपासून मुठीपर्यंत एक सरळ वाट लागते का ते शोध. एकदा ती वाट लागली की हाताला काहीच करावं लागत नाही, भिंतच तुला मागं ढकलायला लागते.

दुसरं, पाऊल. बंगमध्ये पुढचा पाय टाकतो आणि मागचा पाय अर्धं पाऊल ओढून येतो. एकोणिसाव्या शतकात ग्वो युनशेन म्हणून शिंगयीचा माणूस होऊन गेला, त्याची ख्यातीच या अर्ध्या पावलाच्या बंगवर आहे, त्याच्याबद्दल दंतकथा पुष्कळ आहेत पण ते अर्धं पाऊल खरं काम करतं. अख्खं अंग पुढं येतंय आणि मूठ त्याच क्षणी पोचतेय. बहुतेक जण काय करतात, पाऊल टाकतात, थांबतात, मग हात मारतात. मग पुढं आलेल्या वजनाचा उपयोग काय झाला, ते तर जमिनीत जिरलं की. काही परंपरांत मूठ पुढच्या पायाबरोबर पोचवतात, काहींत मागचा पाय टेकतो त्याच्याबरोबर. तुझे सर जे सांगतात तेच धर, दोन्हीची भेसळ करू नको.

आणि कोपर बरगडीला घासून जाऊ दे. कोपर बाहेर सुटलं की खांदा मधे पडतोच.

पट्टेवाली_शिवाजीपेठ
मला चिनी काय येत न्हाई, पण मी लहानपणापासून मर्दानी खेळ खेळतो, लाठी, पट्टा, सगळं, आता पोरींना शिकवतो पण. अर्धपाऊल यांनी लिहिलंय ते वाचून मला वाटलं अरे हे तर आमचे वस्ताद रोज ओरडून सांगायचे तेच हाय.

दांडपट्टा हातात घेतलाय का कधी? मूठ आत असती, वर लोखंडाचं कवच हातभर असतंय, मनगट त्यात पूर्ण बंद. तलवारीला मनगट वळवून वार काढता येतो, पट्ट्याला मनगटच न्हाई. मग पातं फिरवायचं कशानं? पहिले सहा महिने पोरी खांद्यानं फिरवतात, दहा मिनिटात हात भरून येतोय, पातं लडबडतंय, आवाज घरघर येतोय. ज्या दिवशी पाय वळला, खुबा वळला, मग पाठ आणि शेवटी हात असं व्हायला लागतंय त्या दिवशी पात्याचा आवाज बदलतोय, सूंऽऽ करून एकसारखा. मी पोरींना बघतबी न्हाई, पाठ करून उभं राहतो आणि आवाजावरनं सांगतो कुणाचा पाय झोपलाय.

त्यामुळं माझं म्हणणं, भाऊ तू तालमीतला हाईस तर तुला हे येतंय, फक्त ठोशात येत न्हाई. धोबीपछाड मारताना तू हातानं ओढतोस काय? कंबर खाली घालतोस, त्याचं वजन पाठीवर घेतोस आणि वाकलं की तो जातोय. हात नुसते धरायला. तालमीत मुदगलांची जोडी फिरवतोस न्हवं? ती फिरवताना हलकी जोडी घे आणि डोळे मिटून बघ पाय काय करतोय. करेल्यासारखा जड मुदगल घेऊन खांदा भरवण्यापेक्षा महिनाभर हलकी फिरव.

आणि जोर जरा कमी कर की. जोर चांगलेच हाईत पण रोज पाचशे जोर मारून छाती आणि खांद्याचा पुढचा भाग आखडतोय, मग हात सैल सोड म्हटलं तरी सुटत न्हाई. आमच्यात पैलवान पोरं लाठी शिकायला येतात त्यांचं पहिलं दुखणं हेच.

तास_चौथा
मी इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवतो, स्वतः काही वर्षं विंग चुन ही चिनी युद्धकला केली आहे. थोडे आकडे देतो म्हणजे सरांचं "ताकद काढ" का बरोबर आहे ते दिसेल. आकडे ढोबळ आहेत, हिशेब समजण्यापुरते.

माणसाचा एक हात खांद्यापासून मुठीपर्यंत त्याच्या वजनाच्या साधारण 5 टक्के असतो. 70 किलोच्या माणसाचा म्हणजे साडेतीन किलो. समजा तो सेकंदाला 8 मीटर वेगानं गेला, तर संवेग झाला 28. आता हा संवेग 10 मिलिसेकंदात थांबला तर सरासरी बल 2800 न्यूटन येतं, म्हणजे जवळपास 285 किलोचं वजन ठेवल्यासारखं. तोच 50 मिलिसेकंद लागून थांबला तर 560 न्यूटन, 57 किलो. संवेग तेवढाच, पण एक ठोसा आहे आणि दुसरा धक्का. तुमचं पोतं झोका का घेतं त्याचं उत्तर इथं आहे.

आता पावलाचं बघा. तोच 70 किलोचा माणूस नुसता सेकंदाला 1 मीटर वेगानं, म्हणजे चालण्यापेक्षाही हळू, पुढं येत असेल तर त्याच्या अख्ख्या अंगाचा संवेग 70 आहे. हाताच्या 28 पेक्षा अडीचपट. तो सगळा मुठीतून जात नाही हे मान्य, मधले सांधे सैल पडले की काहीच जात नाही, पण सांधे एका रेषेत असतील तर त्यातला बराच वाटा मिळतो. शिंगयीवाले पावलाचा एवढा आग्रह का धरतात ते यात आलं.

मग सैल राहायचं का? कोपर सरळ करतो ट्रायसेप, आणि वाकवतो बायसेप. तुम्ही आधीपासून मूठ आवळून हात ताठ केलात की दोन्ही एकदम कामाला लागतात, म्हणजे गाडीचा ब्रेक दाबून रेस दिल्यासारखं. वेग मरतो. आणि उलट, शेवटपर्यंत सैलच राहिलात तर लागतानाच मनगट आणि कोपर दुमडतात, ते तुमचं थापटणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल मणक्यावर काम करत होते, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये कसलेल्या एमएमए (मिश्र युद्धकला) खेळाडूंच्या स्नायूंची विद्युत हालचाल मोजली होती. त्यात दोन शिखरं दिसली. सुरुवातीला स्नायू एकदम आकसतात, मग मधे सैल पडतात तेव्हा वेग येतो, आणि लागायच्या क्षणी पुन्हा आकसतात. चिनी लोक सुंग म्हणतात, म्हणजे सैल सोडणं, ते या मधल्या भागाचं नाव आहे असं मी समजतो. सर ताकद काढ म्हणतात ती मधली काढायची आहे, शेवटची नाही.

आणि जमीन. पंचगंगेत खोल पाण्यात तरंगताना ठोसा मारून बघा, तुम्हीच मागं जाता. पायाखाली रेटायला काही नसेल तर हाताला ताकद कुठून येणार.

कागलकर_ऊस
सर ते आकडे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं ऊसतोडीला टोळी येते, त्यात एक पन्नाशीच्या मावशी आहेत, बारीक अंगाच्या, कोयता असा चालवतात की बुडात एका घावात ऊस. मी मारला तर दोन-तीन घाव. बघत बसलो एकदा, कोयता वर जाताना त्यांची मूठ एवढी सैल की वाटतं निसटेल, आणि ऊसाला लागताना फक्त आवळली जाते. दिवसभर करायचं असतंय ना, रग लावली तर दुपारपर्यंत माणूस संपला.

पण एक विचारतो, ब्रूस लीचा तो एक इंची ठोसा, त्यात तर हात मागं न्यायला जागाच नाही, मग वेग कुठून?

तास_चौथा
चांगला प्रश्न. ते प्रात्यक्षिक 1964 मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या स्पर्धेत झालं, समोरचा माणूस मागं ठेवलेल्या खुर्चीत जाऊन पडतो. त्याची चित्रफीत हळू करून बघा, हाताकडे बघूच नका. मागची टाच उचलते, गुडघा सरळ होतो, खुबा फिरतो, खांदा पुढं येतो, आणि कोपर सगळ्यात शेवटी उघडतं. हाताला एक इंच आहे, अंगाला पुष्कळ जागा आहे. पण माझं प्रामाणिक मत, माणूस खुर्चीत पडणं हे जास्त करून धक्क्याचं दृश्य आहे. ज्याला खरा लागतो तो बहुतेक वेळा मागं उडत नाही, जाग्यावर गुडघ्यात बसतो. म्हणून शिकणाऱ्यानं माणूस किती लांब गेला हे मोजू नये.

अर्धपाऊल
या मताशी शंभर टक्के. आणि खुबा शब्द आला म्हणून एक गोष्ट लिहितो जी मला सगळ्यात उशिरा कळली, कुणी आधी सांगितली असती तर माझी कंबर वाचली असती.

आपण मराठीत कंबर फिरव म्हणतो. मी पहिली दोन वर्षं अक्षरशः कंबर फिरवली, म्हणजे नाडीच्या वरचा भाग पिळला, पाय तिथंच. सकाळी उठताना पाठीचं खालचं टोक धरायचं, आणि ठोसा तसाच. चिनीत क्वा म्हणून शब्द आहे, जांघेची घडी, मांडी आणि ओटीपोट मिळतात ती जागा, आतून खुब्याचा सांधा. फिरायचं आहे ते तिथून. करून बघ, सांतीच्या, म्हणजे शिंगयीच्या मूळ पवित्र्यात उभा राहा, दोन्ही हातांची बोटं जांघेच्या दोन घड्यांवर ठेव. आता उजवीकडं वळ. उजवी घडी बोटावर मिटली पाहिजे, चिमट्यासारखी. मग डावीकडं, डावी मिटते, उजवी उघडते. बोटाखाली काहीच हललं नाही आणि तरी छाती वळली असेल तर तू पाठ पिळतोयस. बेंबी आणि छातीचं हाड एकाच दिशेला बघत राहिलं पाहिजे. गुडघा पायाच्या बोटांच्या रोखानंच, तो आत-बाहेर झाला तर तिथंच थांब.

ठोसा म्हणजे ही मिटलेली घडी उघडणं. मागची घडी मिटलेली असते तेव्हा तिथं ताण साठतो, जमीन रेटली की ती उघडते आणि ओटीपोट समोर येतं, त्याच्यामागं पाठ, आणि हात फक्त तिकडं निघालेला असतो. चेन घराण्याच्या ताई चीत हेच रेशीम काढण्याच्या हालचालीतून शिकवतात. कोशातून धागा ओढताना सारखा ओढावा लागतो, हिसका दिला की तुटतो, म्हणून ते हळू आणि एकसंध करतात, आणि फा-जिन त्यातच मधे अचानक सोडतात. युट्यूबवरचे हिसके बघून नुसते हिसके शिकू नको, हळू जमल्याशिवाय ते फक्त अंग थरथरवणं आहे.

सहा मेळ म्हणून त्यांचं एक गणित आहे, त्यातले बाहेरचे तीन एवढेच धर सध्या, खांदा खुब्याबरोबर, कोपर गुडघ्याबरोबर, हात पावलाबरोबर. बाकीचे तीन मन आणि श्वासाचे आहेत, ते सर सांगतील वेळ आल्यावर.

रंकाळा_सकाळ
सगळं वाचलं, उत्तम लिहिलंय, फक्त पायाबद्दल एक इशारा देतो कारण मी भोगलंय. मी बाजी करायचो, बाजीछुआन, चीनच्या हबे प्रांतातल्या त्सांगजौ भागातली कला, कोपर आणि खांद्याच्या जवळच्या माऱ्यासाठी प्रसिद्ध, आणि त्यात जमिनीवर पाय जोरात आपटतात. आमच्या क्लासला सिमेंटची फरशी होती आणि शिकवणारे म्हणायचे आवाज आला पाहिजे. मी वर्षभर आवाज काढला. आधी टाच, मग डावा गुडघा, मग डॉक्टर, मग सात महिने सगळं बंद, जिना उतरताना कठडा धरून उतरायचो.

नंतर एका जुन्या साधकानं नीट सांगितलं की आपटणं हे फळ आहे, कारण नाही. अंग एकदम खाली सोडलं, खुबा बसला, वजन पायात पडलं की आवाज होतो. पाय उचलून आपटला तर आवाज होतो पण वजन वरच राहतं, सगळा मार गुडघ्याला. आता मी मातीत करतो, रंकाळ्याच्या कडेला पहाटे, अनवाणी, आवाज शून्य. तालमीत लाल माती आहे ना तुमच्या, सोन्यासारखी जागा आहे ती, पण वस्तादांना विचारून, हौद्यात नको, कडेला.

आणि पोत्याशिवाय हवेत पूर्ण जोरानं ठोसे मारू नका. हवेत थांबवायला काही नसतं, कोपराला तो झटका बसतो.

तालमीतला_गडी
मंडळी साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो, करून बघितल्याशिवाय काय लिहिणार. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी बसून लिहील असं वाटलं नव्हतं.

भिंतीची परीक्षा पहिल्याच दिवशी केली, खांदा चढत होताच, पण त्याच्याही आधी उजवी टाच निसटत होती हे मला माहीतच नव्हतं. टाच धरली तर गुडघा आत जायला लागला. गुडघा धरला तर पाठ. आठवडा गेला नुसता त्यात, पोत्याला हात लावला नाही. जांघेवर बोटं ठेवून वळायचं करताना उजवी घडी मिटते पण डावी जवळपास हालतच नाही, बैठकांनी एवढ्या मांड्या झाल्यात तरी. जोर निम्म्यावर आणले, वस्ताद विचारत होते काय रे आजारी आहेस काय, त्यांना ताईंचं पट्ट्याचं सांगितलं तर म्हणाले बरोबर सांगितलंय.

परवा सरांनी पोत्यावर मारायला सांगितलं. मी मनात एवढंच धरलं की पाऊल आणि मूठ एकदम, आणि हात पोचेपर्यंत मूठ अर्धीच बंद. पहिले दहा-बारा तसेच झोक्याचे. मग एक बसला. मला हातात काहीच जाणवलं नाही, वाटलं नीट लागलाच नाही, पण पोतं मधून आत गेलं आणि वरची साखळी खण्णकन वाजली, आणि तो हडकुळा मित्र वळून बघायला लागला. सर काही बोलले नाहीत, परत म्हणाले. पुढचे वीस परत झोक्याचे. मग अजून एक. शंभरात तीन बसले असतील. खांदा रात्री ठणकला नाही पण, ही गेल्या आठ महिन्यांतली पहिली वेळ.

आता एक अडलंय, हे तिन्ही उजव्या हाताचे. डावा पाय पुढेच ठेवून डाव्या हाताचा मारतो तेव्हा काहीच होत नाही, नुसता हात जातो. डावी घडी उघडत नाही त्यामुळं असेल का?

अर्धपाऊल
शंभरात तीन म्हणजे चांगलं चाललंय.

डाव्याचं थोडं वेगळं आहे. डावा पाय पुढे आणि डावाच हात म्हणजे खुब्याला उजव्याएवढी फिरकी मिळतच नाही, तू उजव्यासारखा शोधतोयस म्हणून सापडत नाही. तिथं दोन गोष्टींवर लक्ष दे. एक, उजवी मूठ कंबरेकडं परत येते ती तेवढ्याच वेगानं ओढ, डावी जाते ती उजवीच्या ओढण्यानं जाते असं समज, दोन्ही एका दोरीला बांधल्यासारख्या. दोन, मागच्या उजव्या पायाचं ओढून येणं लांबव, डाव्या ठोशात वजन जास्त करून त्या पावलाचं असतं. डाव्या जांघेसाठी दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटं डावीकडं वळून, घडी मिटवून नुसता उभा राहा, श्वास सोडत.

आणि मोबाइल बाजूला कंबरेच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढ, समोरून नको, समोरून पाऊल आधी पडतंय का मूठ ते दिसत नाही. टाकायचा असेल तर इथं टाक, हळू करून बघू.